मिनिटाला किती टक्के? नवा ड्रोन घेतलेल्यांसाठी बॅटरीचा हिशेब

“खोक्यावर ३१ मिनिटं छापलंय आणि आमचा तर विसाव्या मिनिटालाच बॅटरी संपली म्हणून ओरडायला लागतो. पीस खराब लागला का?”

ठाण्यात नवा ड्रोन घेतलेला माणूस पहिल्या रविवारनंतर हमखास हे विचारतो. माझ्या मावसभावाने विचारलं, ऐरोलीच्या मित्राच्या मुलीने विचारलं, आणि काही वर्षांपूर्वी मीही कोणाला तरी विचारलंच होतं. बहुतेक वेळा पीस चांगला असतो, बॅटरीही चांगली असते. खोक्यावरचा आकडा मात्र तुमच्यासाठी काढलेला नसतो. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो, आणि तो मिनिटांत काढायचा नाही. तो काढायचा ‘मिनिटाला किती टक्के’ असा. हे एकदा जमलं की पुढचं सगळं सोपं होतं. म्हणून या लेखात त्यावर जास्त वेळ घालवणार आहे आणि बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगणार आहे.

उदाहरणाला डीजेआय कंपनीचा मिनी २ घेतो, कारण तो अनेकांकडे आहे. तुमचा ड्रोन दुसरा असला तरी रीत हीच.

खोक्यावरचा आकडा येतो कुठून

मिनी २ च्या बॅटरीवर बारीक अक्षरात ७.७ व्होल्ट, २२५० एमएएच (म्हणजे २.२५ अँपिअर-तास) असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार केला की साधारण १७.३ वॉट-तास येतात. ही तुमची टाकी. ३१ मिनिटांत ही टाकी रिकामी होते म्हणजे ड्रोन सरासरी ३३-३४ वॉट खातो. घरातल्या सीलिंग फॅनच्या जवळपास निम्मं.

आता ते ३१ मिनिटं कंपनीने कसे मोजले ते पाहा. वारा नाही, ड्रोन सेकंदाला ४.७ मीटर या एकाच वेगाने जातोय, मध्ये थांबणं नाही, वर-खाली नाही, आणि बॅटरी शेवटपर्यंत वापरलेली. असं आपण कोणीच उडवत नाही. आपण टाकीतला पाचवा हिस्सा तरी हात न लावता ठेवतो. तेवढं बाजूला काढलं तर १३.९ वॉट-तास उरतात. वाऱ्यात आणि थांबत-वळत उडवताना खर्च ४० वॉटपर्यंत गेला असं धरलं, तर हिशेब येतो पावणेएकवीस मिनिटांचा. म्हणजे विसाव्या मिनिटाला ओरडणारा ड्रोन बरोबर वागतोय.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला उलटी वाटते. एका जागी स्थिर राहणं म्हणजे विश्रांती नव्हे. मध्यम वेगाने पुढे जाताना पात्यांना सतत नवी, न ढवळलेली हवा मिळते आणि कमी ताकदीत काम होतं. म्हणूनच त्याच कंपनीच्या मॅविक ३ चा सर्वाधिक उड्डाणकाळ ४६ मिनिटं दिलेला आहे, पण स्थिर राहण्याचा ४०. मिनी ३ चे तेच आकडे ३८ आणि ३३. फ्रेम ठरवत हवेत ताटकळत राहिलात तरी मीटर चालूच असतो.

आपल्या महापे एमआयडीसीतली आयडियाफोर्ज ही कंपनी लष्करासाठी आणि सर्वेक्षणासाठी ड्रोन बनवते. तिचा ‘स्विच’ हा पंखांचा ड्रोन दोन तासांच्या आसपास हवेत राहतो. तो सरळ वर उठतो आणि मग विमानासारखा पंखांवर तरंगतो. आपल्या चार पात्यांच्या ड्रोनला पंख नाहीत. त्याला आपलं सगळं वजन प्रत्येक सेकंदाला मोटरच्या जोरावर उचलून धरावं लागतं. त्यामुळे अडीचशे ग्रॅमच्या ड्रोनकडून तासाभराची अपेक्षा धरू नका.

चार्ज करायच्या आधी नकाशा उघडा

बॅटरी भरली, गाडी काढली, आणि जागेवर पोहोचल्यावर कळलं की इथे उडवताच येत नाही, असं होऊ देऊ नका. आपल्याकडे हे सहज होतं. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहा. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी न घेता उडवता येतं, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही.

नवी मुंबईकरांना जास्त जपावं लागेल. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. उलवे, पनवेल, बेलापूर, खारघर इथे आधी जे चालून जायचं ते आता चालणार नाही. वाशीच्या खाडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ठाण्यात कोलशेत आणि येऊरकडे हवाई दलाचा परिसर आहे, येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि ऐरोलीपासून पसरलेलं खाडीचं पात्र फ्लेमिंगो अभयारण्यात. फ्लेमिंगोंचे थवे पाहून हात शिवशिवतात हे मला कळतं, पण तिथे ड्रोन नको. शिवाय पोलिस आयुक्तालयाचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, तेही पाहून घ्या.

आम्ही मुरबाडच्या बाजूला जातो. भातकापणी झाल्यावर शेतं मोकळी होतात तेव्हा, शेतमालकाला विचारून, आणि नकाशात ती जागा हिरवी दिसली तरच.

ड्रोन अजून घ्यायचाच असेल तर आणखी एक. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार विदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. परदेशातून नातेवाईक घेऊन येतील या भरवशावर राहू नका. जो घ्याल त्याला नोंदणी क्रमांक मिळतो का ते पैसे देण्याआधी विचारा.

स्वतःचा आकडा काढा

यासाठी एक सकाळ, एक छोटी वही आणि एक पांढरा मार्कर लागतो.

१. सगळ्या बॅटऱ्यांना नंबर द्या. मार्करने १, २, ३ असं लिहा आणि खाली वापरायला काढल्याची तारीख घाला. दिसायला सारख्या असल्या तरी वर्षभरात त्यांचे स्वभाव वेगळे होतात. नंबर नसेल तर कोणती दगा देतेय ते कधीच कळत नाही.

२. सकाळी लवकर जा. आपल्याकडे दुपारच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत चढता राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सात-साडेसातची वेळ सगळ्यात शांत.

३. ड्रोन डोक्यापेक्षा थोडा वर, दोन-अडीच मीटरवर घ्या आणि दोन मिनिटं तसाच स्थिर ठेवा. या दोन मिनिटांत बॅटरीला ऊब येते आणि काही बिघाड असेल तर तो तुमच्या नजरेसमोर दिसतो.

४. टक्के आणि वेळ लिहा. मग नेहमी उडवता तसं, पण नजरेच्या टप्प्यात, उडवा. थोडं पुढे, थोडं वर, थोडं थांबून.

५. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की उतरवा आणि वेळ लिहा.

माझ्या वहीतली एक नोंद देतो: “बॅटरी २. सकाळी ७.२५. वारा जवळपास नाही. ९५ टक्के ते ३० टक्के, १५ मिनिटं.” पासष्ट टक्के भागिले पंधरा, म्हणजे मिनिटाला ४.३ टक्के. त्याच बॅटरीची दुपारी तीनची नोंद आहे: “९४ ते ३०, साडेदहा मिनिटं. वारा पश्चिमेचा, बांधावरची काटेसावर हलत होती.” चौसष्ट भागिले साडेदहा, म्हणजे मिनिटाला ६ टक्क्यांच्या वर. तोच ड्रोन, तीच बॅटरी, तोच दिवस.

हे दोन आकडे, सकाळचा आणि दुपारचा, पाठ करून ठेवा. यापुढे ॲपवर ५५ टक्के दिसले की मनात आपोआप यायला हवं: तिसाच्या वर पंचवीस आहेत, आज मिनिटाला सहा जातायत, म्हणजे चार मिनिटं. ॲपही उरलेली मिनिटं दाखवतं, पण तो अंदाज त्या क्षणाच्या खर्चावर बांधलेला असतो. वळून वाऱ्याविरुद्ध यायला लागलात की तो आकडा भराभर घसरतो, आणि नवा माणूस घाबरतो तो तिथेच.

प्रत्येक बॅटरीसाठी महिन्यातून एकदा तरी अशी नोंद करा. क्रमांक १ आणि २ मिनिटाला साडेचार खात असताना क्रमांक ३ साडेपाच खायला लागली, तर ती थकायला लागली आहे. तिला जवळच्या, कमी उंचीच्या कामालाच ठेवा. ॲपमध्ये बॅटरीच्या आतल्या प्रत्येक सेलचं (घटाचं) व्होल्टेज दिसत असेल तर तेही बघा. दोन सेलमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक वारंवार दिसला तर ती बॅटरी लांब पाठवू नका.

टक्क्यांवर आंधळा विश्वास का ठेवायचा नाही, तेही इथेच सांगतो. ४० टक्के म्हणजे टाकीतलं मोजलेलं पाणी नव्हे, तो अंदाज असतो. जुन्या बॅटरीवर जोराचा भार पडला की व्होल्टेज एकदम बसतं. मग ३५ वरून २६ वर उडी पडलेली दिसते. ही उडी एकदा दिसली की तो इशारा समजा.

वारा: जाताना फुकट, येताना दामदुप्पट

आता माझ्याच हातून झालेलं सांगतो. जानेवारीतली दुपार होती, मुरबाडकडे काळू नदीच्या बाजूला. वारा पश्चिमेचा आणि मी ड्रोन पूर्वेला पाठवत होतो, म्हणजे वाऱ्याबरोबर. ड्रोन सुरेख चालला होता आणि टक्के अगदी सावकाश उतरत होते. नदीचं वळण दिसेना म्हणून थोडं पुढे, अजून थोडं पुढे असं करत अकराशे मीटरवर गेलो. तो नजरेआड गेला होता. ती पहिली चूक, आणि नियमाच्याही बाहेरची. बॅटरी ४० टक्के होती. जाताना मिनिटाला जेमतेम चार गेले होते, म्हणजे येताना भरपूर आहेत असं वाटलं. मी ‘रिटर्न टू होम’, म्हणजे ड्रोनला आपोआप परत बोलावणारं बटण, दाबलं.

परतीच्या वाटेची उंची मी झाडांच्या भीतीने १०० मीटर ठेवली होती. ड्रोन आधी तेवढा वर चढला. चढण्यात टक्के गेले, आणि वर वारा खालच्यापेक्षा बराच जास्त होता. पडद्यावर परतीचा वेग सेकंदाला तीन मीटर दिसत होता. अंतराचा आकडा हलतच नाही असं वाटत होतं आणि टक्के मात्र मिनिटाला सहाने जात होते. १० टक्क्यांवर तो स्वतःच खाली उतरायला लागला. अशा वेळी उतरणं थांबवता येत नाही, फक्त रिमोटच्या काडीने थोडं सरकवून जागा निवडता येते. माझ्यापासून दोनशे मीटरवर वालाच्या शेतात तो उतरला. शेतातल्या काकांनी तो उचलून बांधावर आणून ठेवला होता. पाती चिखलाने भरली होती. बाकी काही झालं नाही, पण खाली नदी असती तर ड्रोन गेलाच होता.

त्या दिवसाचा हिशेब घरी येऊन मांडला. तो मी आता प्रत्येक नव्या माणसाला कागदावर काढून दाखवतो.

ड्रोनचा हवेतला वेग सेकंदाला १० मीटर आणि वारा ७ मीटर. वाऱ्याबरोबर जाताना जमिनीवरून मोजलेला वेग १७, येताना ३. म्हणजे एक किलोमीटर जायला एक मिनिट आणि तेवढंच यायला साडेपाच मिनिटं. निम्मी बॅटरी जायला आणि निम्मी यायला ही वाटणी वाऱ्यात साफ खोटी ठरते.

यातून चार गोष्टी करायच्या.

पहिली, वाऱ्याच्या तोंडावर आधी जा. निघताना कष्ट, येताना आराम. उडवल्यावर ड्रोन दहा-पंधरा मीटरवर स्थिर ठेवून बघा. तो ज्या बाजूला झुकून उभा राहतो त्या बाजूने वारा येतोय.

दुसरी, तिसऱ्या हिश्श्याचा नियम. वापरायच्या बॅटरीचा एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक राखीव. घार मागे लागली, उतरायच्या जागी गुरं आली, असल्या गोष्टींसाठी राखीव लागतो. आणि आपल्याकडे घारी मागे लागतातच. लागली की ड्रोन झटकन वर न्यावा लागतो आणि त्यात बॅटरी भसाभसा जाते.

तिसरी, परतीची उंची जागेप्रमाणे ठेवा. आसपासचं सगळ्यात उंच झाड किंवा टॉवर आणि त्यावर पंधरा-वीस मीटर, एवढंच. दर वेळी उडवण्याआधी ती तपासा, कारण मागच्या जागेची उंची तशीच राहिलेली असते.

चौथी मला सगळ्यात उशिरा कळली. वाऱ्याविरुद्ध अडकलात तर परतीचा आपोआप मार्ग रद्द करा, ड्रोन सुरक्षित तेवढा खाली आणा, कारण खाली वारा कमी असतो, आणि स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे सगळ्यात वेगवान मोडमध्ये, टाका. स्पोर्ट मोड बॅटरी खातो हे खरं, पण हिशेब पाहा. नेहमीच्या मोडमध्ये किलोमीटरला साडेपाच मिनिटं, मिनिटाला सहा टक्के, म्हणजे ३३ टक्के. स्पोर्टमध्ये हवेतला वेग १६, वजा ७ म्हणजे ९, किलोमीटरला दोन मिनिटांच्या आत. मिनिटाला नऊ टक्के गेले तरी १७ टक्क्यांत काम होतं. मोजायचा तो मिनिटाचा खर्च नव्हे, मीटरचा. फक्त लक्षात ठेवा, अनेक ड्रोनमध्ये स्पोर्ट मोडमध्ये समोरची वस्तू ओळखणारे सेन्सर काम करत नाहीत, त्यामुळे वाटेत झाडं आणि तारा नाहीत हे आधी बघा.

घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमध्ये तर वारा कोपऱ्यांवर वळतो आणि दोन टॉवरच्या फटीत दुप्पट होतो. बॅटरीचं सोडा, तिथे ड्रोनच हातात राहत नाही. नव्या माणसाने तर तिकडे जाऊच नये.

आणखी काय काय बॅटरी खातं

वजन. स्थिर राहायला लागणारी ताकद वजनापेक्षा वेगाने वाढते. वजन दहा टक्क्यांनी वाढलं की खर्च पंधरा टक्क्यांच्या घरात वाढतो. म्हणून पात्यांचे गार्ड शिकताना लावा आणि हात बसला की काढून ठेवा. ते वजनही वाढवतात आणि हवाही अडवतात. कडा कुरतडलेली पाती बदला. स्वस्त असतात आणि फरक कानाला ऐकू येतो.

मोठी बॅटरी घेऊ का, असं बरेच जण विचारतात. मिनी ३ ला ३८५० एमएएचची प्लस बॅटरी मिळते. तिचा उड्डाणकाळ ५१ मिनिटं दिलेला आहे, साध्या बॅटरीचा ३८. पण प्लस लावली की ड्रोन २५० ग्रॅमच्या वर जातो. आपल्या ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. म्हणजे बॅटरी बदलली की वर्गच बदलतो आणि नियमही. माझं मत विचाराल तर एका मोठ्या बॅटरीपेक्षा तीन साध्या घ्या. दर पंधरा मिनिटांनी खाली उतरून डोकं शांत करणं नव्या माणसाला हिताचंच असतं. आणि घ्याल त्या अस्सल घ्या. निम्म्या किमतीत मिळणाऱ्या नकली बॅटरीचा टक्क्यांचा अंदाज अनेकदा चुकीचा असतो, आणि हवेत तुमच्याकडे त्या अंदाजाशिवाय दुसरं काहीच नसतं.

चार्जिंग

उतरवल्या उतरवल्या बॅटरी चार्जिंगला लावू नका. हात लावून बघा, चांगलीच गरम असते. बहुतेक बॅटऱ्या ५ ते ४० अंशांच्या मध्येच चार्ज होतात. त्याहून गरम असली तर चार्जर नुसता लावलेला राहतो आणि तुम्हाला वाटतं बिघडला. सावलीत अर्धा तास ठेवा.

मिनी २ ची एक बॅटरी योग्य चार्जरवर सव्वा ते दीड तासात भरते. तीन बॅटऱ्या एकत्र लावायचा चार्जिंग हब असेल तर तो बहुतेक वेळा एकामागून एक भरतो, एकदम नाही. म्हणजे तिन्हीला चार-साडेचार तास. शनिवारी रात्री अकराला आठवलं तर उशीर झालेला असतो, आणि रात्रभर लावून झोपणं हा त्यावरचा उपाय नव्हे. शनिवारी संध्याकाळीच, तुम्ही जागे असताना भरा.

शेतात जाऊन पुन्हा भरायच्या असतील तर २०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते. तिच्यात सुमारे ७४ वॉट-तास असतात. वाटेत गळती धरून साठ-बासष्ट पोहोचतात, आणि तीन बॅटऱ्यांना बावन्न लागतात. पॉवर बँकेवर पीडी, म्हणजे जलद चार्जिंगचं, आउटपुट आहे ना एवढं बघा, नाहीतर दिवस संपेल आणि बॅटरी भरणार नाही.

चार्जिंगची जागा नीट निवडा. फरशीवर किंवा ओट्यावर, आसपास पडदा, गादी, पुस्तकं नसलेली. फ्लॅटच्या दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर तर कधीच नको. लिथियम बॅटरी पेटली तर क्षणात धूर होतो आणि तुमचा बाहेर पडायचा रस्ता तोच असतो. पंधराव्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे जरा जास्तच मनावर घ्यावं.

बॅगेत सुट्या बॅटऱ्या चिल्लर आणि किल्ल्यांबरोबर टाकू नका. तोंडाला टोपण किंवा चिकटपट्टी लावा. विमानाने जाताना त्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या, चेक-इनमध्ये नाही.

मे महिना, स्कूटरची डिकी आणि फुगलेली बॅटरी

एप्रिल-मेमध्ये बदलापूर-मुरबाड पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीत आणि डिकीत त्याहून कितीतरी जास्त. तिथे राहिलेली पूर्ण भरलेली बॅटरी आतून बिघडते. माझी एक अशीच गेली. जेवायला थांबलो तेवढा दीड तास ती डिकीत होती. त्या दिवशी काही दिसलं नाही. आठवड्याने ड्रोनमध्ये घालताना नेहमीचा ‘टक्’ आवाज आला नाही, थोडं दाबावं लागलं.

तेव्हापासून मी दर वेळी काचेच्या टेबलावर बॅटरी आडवी ठेवून बघतो. दोन्ही बाजूंनी बोटाने टेकवायचं. ती काचेवर घट्ट बसली तर ठीक. शेंगदाण्यासारखी डुलली किंवा मधोमध अंगठ्याला उंचवटा लागला, तर ती फुगली आहे. आत वायू तयार झालेला असतो. मग एकदाही उडवायची नाही, चार्ज करायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. कोरड्या वाळूच्या डब्यात घालून बाल्कनीत ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्याला द्या. घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चिरडली की पेटते, आणि भाजतो तो गाडीवरचा माणूस. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणेही ती साध्या कचऱ्यात देता येत नाही.

नीट वापरली तर अशी बॅटरी दोन-तीनशे वेळा चार्ज होईपर्यंत काम देते. सेकंडहँड ड्रोन घेत असाल तर ॲपमध्ये तो आकडा दिसतो का ते आधी पाहा.

पावसाळ्याची साठवण

कोकणच्या पावसात ड्रोन चार महिने कपाटात जातो, आणि आपल्याकडच्या अर्ध्या बॅटऱ्या माझ्या मते उडताना नव्हे तर या चार महिन्यांत मरतात. कोणी पूर्ण भरून ठेवतं, कोणी मेच्या शेवटच्या उड्डाणानंतर रिकामी तशीच. दोन्ही वाईट. भरलेली फुगते आणि रिकामी इतकी खाली जाते की पुन्हा चार्जच घेत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बॅटऱ्या ५० ते ६० टक्क्यांवर आणा. बऱ्याच ड्रोनच्या बॅटऱ्या काही दिवस नुसत्या पडून राहिल्या की स्वतःहून साठाएक टक्क्यांवर येतात, पण सगळ्याच नाही, म्हणून बटण दाबून दिवे मोजा. चारपैकी दोन-तीन दिवे हवेत. मग त्या ड्रोनमधून काढून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात, घरातल्या थंड आणि कोरड्या कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही नको.

मध्ये एकदा, नारळी पौर्णिमेच्या सुमाराला, डबा उघडा. दिवे मोजा, काचेवर डुलतात का ते बघा, एकच दिवा उरला असेल तर पुन्हा साठपर्यंत भरा. बटण दाबूनही काहीच उजळलं नाही तर बॅटरी गाढ झोपेत गेलेली असू शकते. चार्जरला लावून थोडा वेळ थांबा, बऱ्याचदा तेवढ्याने जागी होते.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तिन्ही पूर्ण भरा, सकाळी लवकर निघा, आणि पहिलं उड्डाण डोक्यापेक्षा थोडं वर, दोन-अडीच मीटरवरच करा. वही काढा, बॅटरीचा नंबर लिहा, ९५ ते ३० ला किती मिनिटं लागली ते बघा, आणि मेमधल्या नोंदीशेजारी तो आकडा लिहा.